पाणी वाढलंय

गेल्या आठवड्यात पुण्याहून एक बाई आमच्या खोडाळ्याच्या ऑफिसात आल्या होत्या. कंपन्या उभ्या करणाऱ्या माणसांवर त्या काहीतरी लिहीत होत्या. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत चालणारी कंपनी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी, कारण खाली गिरणी सुरू झाली आणि टेबलावरचा कप सरकायला लागला तशा त्या उठून उभ्याच राहिल्या. मी म्हटलं, बसा, फक्त कप धरून ठेवा. मग त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "संस्थापकांची दूरदृष्टी नेमकी कशात होती?"

मला हसू आवरेना. दिगूकाकांना चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचं दिसत नसे. एकदा चष्मा सोल्डरिंगच्या टेबलावर राहिला, तर दारात आलेल्या पोस्टमनला ते "या वहिनी, बसा" म्हणाले. पोस्टमनही बिचारा बसला. हे काही बाईंनी वहीत उतरवून घेतलं नाही. त्यांनी पुढचा प्रश्न काढला, "ते गेल्यानंतर कंपनी वाढली का?"

प्रश्न साधाच होता. पण मी उत्तर द्यायचं सोडून टेबल पुसायला घेतलं, तेव्हा बाईंना वाटलं, आपण कुठल्यातरी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. आमच्या ऑफिसात 'वाढली का' ह्याचं सरळ उत्तर देता येत नाही, आणि ते का, हे अर्ध्या तासाच्या मुलाखतीत सांगण्यासारखंही नाही. म्हणून इथे सांगते.

दिगूकाका मूळचे जव्हारचे. आई लहानपणीच गेली, आत्याने सांभाळलं. ह्या आत्याच्या घरात 'संपलं' हा शब्द बंद होता. डब्यातले तांदूळ संपत नसत, वाढत. बांगडी फुटत नसे, वाढे. दिवासुद्धा विझवायचा नाही, वाढवायचा. जुन्या वळणाच्या पुष्कळ बायका असं बोलतात, त्यात नवल नाही. नवल हे की ह्या माणसाने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, ठाण्याच्या कारखान्यात बारा वर्षं काढली, आणि तरी त्यांची जीभ आत्याच्याच घरात राहिली. "रेखा, बॅटऱ्या वाढल्यात गं." "सोल्डरची तार वाढली, उद्या आणावी लागेल." नाशिकच्या दुकानदाराला त्यांनी फोनवर बॅटऱ्या वाढल्याचं सांगितलं, तेव्हा त्याने 'वा, छान' म्हणून फोन ठेवला आणि पार्सल पाठवलंच नाही. आम्ही आठ दिवस हात बांधून बसलो. खरोखर काही जास्त झालं तर काका 'चढलं' म्हणत. ताप चढला, पाणी चढलं. 'वाढणं' त्यांनी फक्त संपण्यासाठी राखून ठेवलं होतं.

मी त्यांच्याकडे आले ती रागारागाने. डी.एड. करून बसले होते, शिक्षकभरती काही निघत नव्हती आणि घरी रोज कुणीतरी माझ्या लग्नाचं काढत होतं. गिरणीवर दळण टाकायला गेले तर जिन्यावर पाटी: 'फोनवर बोलणारी व्यक्ती पाहिजे.' वर गेले. एक जाडजूड चष्म्याचा माणूस दातांत जीभ धरून कसलीशी तार जोडत होता. चष्म्याच्या दोन्ही काड्या सुतळीने बांधलेल्या. नाव, शिक्षण काही विचारलं नाही. म्हणाला, "खेड्यात कोणी नातेवाईक?"

"वांगणीला मावशी आहे."

"तिला फोन लाव. पाण्याचं काय चाललंय विचार, आणि मग गप्प बस."

मी फोन लावला. मावशी सांगायला लागली आणि दोन मिनिटांत मी तिला पाणी उकळून प्यायचा सल्ला द्यायला लागले. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला, "बोला मावशी, ऐकतोय," म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटं खरंच ऐकत राहिले. मध्ये हुंकारसुद्धा नाही. मावशीने त्यांना विहीर, ओढ्यात खणलेला झिरा, सुनेचं माहेर, सगळं सांगितलं. फोन ठेवून ते मला म्हणाले, "मास्तरकी शिकलेली दिसतेस. आवाज मात्र स्पष्ट आहे. कान येतील हळूहळू." दुसऱ्या दिवसापासून मी कामावर.

काम काय, तर विहिरीला बोलतं करायचं. आमच्या डोंगरात होळी झाली की विहिरी एकेक करून तळ गाठतात. बाई डोक्यावर हंडे घेऊन तासभर उतरते आणि खाली गेल्यावर तिला कळतं की पाणी नाही. मग दुसऱ्या दिशेला दुसरा तास. काकांचं म्हणणं एवढंच होतं की पाणी नाही हे तिला घरी बसून कळलं पाहिजे. लहानपणी आत्या विहिरीत खडा टाकायची आणि "कान लाव" म्हणायची. आवाज लवकर आला की पाणी वर, उशिरा आला की खोल. काकांचं यंत्र तेच करायचं, फक्त खड्याच्या जागी बारीक आवाज सोडायचं आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजायचं. तो आत्याचा खडाही ते खिशात बाळगायचे. कुठल्याही नव्या विहिरीवर गेलं की आधी खडा, मग यंत्र. एरवी खडा हरवू नये म्हणून तो खडीसाखरेच्या पुडीत ठेवत, आणि दोनदा तरी मी त्यांना तो चुकून तोंडात टाकताना पाहिलंय.

बाईने विहिरीच्या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा, की यंत्र उलट फोन करून विहिरीचा हाल सांगणार. लिहिलेला मेसेज नाही. ठाण्याच्या कारखान्यातले त्यांचे जुने मित्र तेव्हा त्यांना हसले होते. म्हणाले, थांब थोडं, लोक मोबाईल वाचायला शिकतील. काका म्हणाले, "तोवर बायांनी चालत राहायचं? त्यापेक्षा मोबाईललाच बोलायला शिकवू." दूरदृष्टी म्हणायची तर मला वाटतं ही.

कंपनीचं नाव आधी भलं मोठं इंग्रजी होतं. ते कुणाच्या जिभेवर बसेना. नेटवर्क मिळावं म्हणून यंत्राची पांढरी पेटी विहिरीच्या काठावर एका उंच दांड्यावर बसवायची. बायका तिला बगळा म्हणायला लागल्या. मग "बगळेवाले आले", "बगळ्याला विचार". काकांनी एक दिवस पाटी उतरवली आणि रंगाऱ्याकडून 'बगळा' लिहून आणली. मला लाज वाटायची. माझ्या मैत्रिणी कुठल्या कुठल्या बँकेत, आणि मी कुठे तर बगळ्यात.

आता चुकीचं सांगायला हवं. सूर्यमाळच्या एका पाड्यावर आमचा पहिला बगळा बसला. बगळ्याने काय काय बोलायचं ती वाक्यं काकांनी कागदावर लिहून दिली आणि मी माझ्या स्पष्ट आवाजात ती म्हटली. दोर किती हात लागेल, किती हंडे निघतील, असं सगळं. शेवटचं वाक्य तळ लागल्यावरचं. मी ते घडाघडा वाचलं. 'विहिरीचं पाणी वाढलं आहे.' लिहिताना त्यांना काही वाटलं नाही आणि वाचताना मला. रोज ऐकून माझेही कान त्यांच्या आत्याच्या घरात जाऊन बसले होते.

वैशाखात विहीर आटली. पाड्यावर रेंज फक्त एका मोठ्या दगडावर चढलं की येते. त्या दगडावरून तिथल्या काळूबायने मिस्ड कॉल दिला. बगळ्याचा उलट फोन आला, आणि माझा आवाज तिला म्हणाला, पाणी वाढलं आहे. पाड्यावर ही आनंदाची बातमी. त्या पहाटे कुणीच लांबच्या झिऱ्यावर गेलं नाही. दिवस वर आल्यावर सगळ्या बाया घरातलं होतं नव्हतं ते भांडं घेऊन विहिरीवर उतरल्या. विहिरीत ओला दगडसुद्धा नव्हता. मग भर उन्हात झिऱ्याकडे. काळूबायला वाटेत भोवळ आली आणि ती हंड्यासकट पडली. कपाळाला खोक पडली.

संध्याकाळी ती पुन्हा दगडावर चढली. ह्या वेळी मिस्ड कॉल नव्हता, थेट ऑफिसात फोन होता. फोन मीच उचलला.

"तुजा बगला खोटा बोलतो," ती म्हणाली. "पानी वाढलं सांगतो, नं इहिरीत चिमनी बुडंल इतकं बी नाय. पोरं तान्हेली राह्यली ना माजी."

मी समजवायला सुरुवात केली. वाढलं म्हणजे तसं नव्हे, तो एक बोलण्याचा रिवाज असतो. काकांनी फोन घेतला. "बोल काळूबाय, ऐकतोय." ती बराच वेळ बोलली. काकांचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवल्यावर त्यांनी तो वाक्यांचा कागद शोधला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, काका, वाचलं तर मीच ना. ते म्हणाले, "तू वाचलंस गं. बोललो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं सूर्यमाळला. काका कुणाच्या घरी गेले नाहीत, आधी एक हंडा मागून घेतला आणि बायांबरोबर झिऱ्याकडे चालू लागले. काळूबाय कपाळाला फडकं बांधून पुढे. ह्या माणसाला डोक्यावर हंडा कधी पेलला नव्हता. खांद्यावर घेतला, पोटाशी धरला, चष्मा ओला झाला. पाड्यावर पोचेपर्यंत हंड्यात तळाला चार तांबे उरले होते. दुसरी खेप केली, त्यात पाच. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला वाटलं, पुरे झालं आता नाटक. पण मग ते काळूबायच्या ओट्यावर बसले आणि मोबाईल तिच्यापुढे धरून म्हणाले, "माझी चूक झाली. विहीर अशी झाली की तू तुझ्या सुनेला काय सांगशील, ते सांग."

"काय सांगायचं? ती माजं ऐकती कवा?"

"ऐकते असं धर."

काळूबायने फडकं वर सरकवलं. एकदा विहिरीच्या दिशेला बघितलं आणि जरा दमात घेतल्यासारखं म्हणाली, "इहीर आटली, बाय. पाय नको मोडू. खालच्या झिऱ्याव जा."

तेच बगळ्यात गेलं, तिच्या आवाजात, मागे कोंबडा आरवतोय त्यासकट. परतीच्या एसटीत काका म्हणाले, "बघितलंस? मी नुसतं 'नाही' सांगून थांबलो होतो. ती कुठे जायचं तेही सांगते." तेव्हापासून दोन नियम झाले. त्या पाड्यावरच्या बाईच्या तोंडून आल्याशिवाय एकही वाक्य बगळ्यात घालायचं नाही. आणि कुठलाही निरोप 'आटली'वर थांबवायचा नाही, पुढे वाट सांगायचीच. जव्हारच्या बाजूला बगळे गेले, मग घाटापलीकडे गेले. दर ठिकाणी आम्ही अशीच एक बाई शोधली. मला माझा आवाज गेल्याचं वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. काकांची जीभ मात्र बदलली नाही. यंत्रासाठी 'आटली', स्वतःसाठी 'वाढली'.

मग काकांचं दुखणं निघालं. अंगात रक्तच तयार होत नाही, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं. महिन्याला रक्त चढवायचं, मग पंधरा दिवसांनी. नेमकी त्याच सुमारास मुंबईची एक मोठी कंपनी अख्खा बगळाच विकत घ्यायला आली. तिघं जण होते, चांगले सभ्य. त्यांनी सगळ्या विहिरींसाठी एकच आवाज तयार करून आणला होता, कॉम्प्युटरने केलेला. तो त्यांनी वाजवून दाखवला. 'विहिरीतील जलसाठा समाप्त झाला आहे. धन्यवाद.' बाजाराचा दिवस होता, काळूबाय योगायोगाने वर आली होती, जिन्यात डोक्यावरची पाटी उतरवून पाणी पीत होती. काकांनी फोन तिच्या कानाला लावला.

तिने तो दोनदा ऐकला. "ही बाय कोनची? हिला आपल्याकडं पानी भरतांना कवा पाह्यलं नाय."

काका इतके हसले की त्यांना खोकला लागला. पाहुण्यांना म्हणाले, "माफ करा, जमणार नाही."

मी मात्र हसले नाही. पाहुणे जिना उतरल्यावर मी जे बोलले ते आज आठवलं तरी कान तापतात. तुमचं वय काय, तब्येत काय. पोरबाळ नाही. कोण बघणार हे? काका म्हणाले, "तू बस ना माझ्या खुर्चीवर." मी म्हटलं, मला झेपणार नाही, मला कुठे त्या यंत्रातलं कळतं. तुमच्यामागे हे सगळं संपेल, काका, आणि पुढच्या वैशाखात त्या बाया दगडावर चढून फोन लावतील तेव्हा कोणीही बोलणार नाही.

'संपेल' ऐकून ते दचकले. "असं म्हणू नये गं," एवढंच म्हणाले. मी आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांनी ना आग्रह केला ना समजूत घातली. नवव्या दिवशी माझ्या टेबलावर खडीसाखरेची पुडी दिसली. आतला आत्याचा खडा आधी काढून घेतलेला होता, नुसती खडीसाखर.

पुढे ते जव्हारच्या घरीच असायचे. मी आठवड्यातून एकदा जायची. ओसरीवर खाट टाकलेली, उशाशी मोबाईल. रोज सकाळी ते एकेका विहिरीला मिस्ड कॉल द्यायचे. "वांगणीची बाई आज जोरात आहे," म्हणायचे, किंवा "काळूबाय सोळा हात दोर म्हणाली, ह्या वर्षी लवकर उतरतंय." आजारी माणसाची विचारपूस करायला जावं तर तेच मला पंचक्रोशीच्या विहिरींची खुशाली सांगायचे. खुर्चीचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नव्हता.

मी शेवटची त्यांच्याकडे गेले तो चैत्राचा एक दिवस. आदल्या दिवशी नाशिकला तपासणी झाली होती. मी बसल्या बसल्या विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर? रक्ताचं काय?"

"वाढलंय," काका म्हणाले, आणि समोरच्या जास्वंदीकडे बघत राहिले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आत जाऊन त्यांच्या बायकोला, शालिनीकाकूंना म्हटलं, काकू, रक्त वाढलं म्हणे! काकू ओट्यापाशी पाठमोऱ्या होत्या. "तसं म्हणाले का?" म्हणाल्या, आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. मी चहा घेतला, "येते काका" म्हटलं, आणि उड्या मारत स्टँडवर आले. मनात आलं, आता हे स्वतःच येऊन खुर्चीवर बसतील आणि माझ्या मागची कटकट जाईल. हेही खोटं नाही.

मोखाड्याच्या अलीकडे कंडक्टर तिकिटं फाडत आला. मागच्या बाकापाशी पोचला आणि हातातलं मशीन थोपटत करवादला, "घ्या, ह्याची पण बॅटरी संपली." मी सवयीने मनातल्या मनात त्याला दुरुस्त केलं. संपली नाही म्हणू, वाढली म्हणावं.

आणि मग लख्ख कळलं. रक्त जास्त झालं असतं तर काका 'चढलं' म्हणाले असते. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढून मी सूर्यमाळच्या बायांसारखीच फसले होते. त्यांना निदान कुणी सांगितलं नव्हतं.

मोखाड्याला उतरले आणि जव्हारकडे जाणारी पहिली जीप धरली. दुपार कलली होती. फाटकाचा आवाज झाला तसं काकांनी खाटेवरून मान वळवली. चष्मा नव्हता.

"या वहिनी, बसा," ते म्हणाले.

"मी आहे काका. रेखा."

त्यांनी चाचपडत सुतळीचा चष्मा चढवला आणि मला नीट बघितलं. माझं तोंड रडून कसं झालं होतं कुणास ठाऊक. त्यांना सगळं समजलं. हसले, आणि अगदी काळूबायच्या सुरात, तसंच जरा दमात घेतल्यासारखं म्हणाले,

"इहीर आटली, बाय. पाय नको मोडू."

मी पायरीवर बसले. माझे कान आपोआप तिसऱ्या वाक्यासाठी थांबले होते, कारण आमचा कुठलाच निरोप तिथे थांबत नाही. पुढे कुठे जायचं ते यायलाच हवं होतं. काका ते बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे बघत राहिले, मी पहिल्या दिवशी फोन लावला होता तेव्हा बघत होते तसे. ह्या वेळी कळायला मला एसटी लागली नाही.

"बरं," मी म्हटलं. "मी बसते खुर्चीवर. आवाज बदलणार नाही."

"मग चढेल," काका म्हणाले, आणि चष्मा काढून उशाशी ठेवला.